सोरायसिस, एक्झिमा आणि झऱ्याचं गरम पाणी : कोल्हापुरातनं हे नीट कसं करायचं

मी उद्यमनगरात लेथवर काम करतो, वय ४६, आणि गेली १७ वर्षं मला सोरायसिस आहे. कोपरं, गुडघे, नडग्या आणि डोक्यात. आमच्या थोरल्या लेकीला लहानपणापासनं एक्झिमा, कोपराच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्याच्या मागं. म्हणजे घरात दोन माणसं, दोन वेगळे आजार, आणि दोघांना पाणीसुद्धा वेगळ्या पद्धतीनं लागतं, हे कळायलाच माझी सात-आठ वर्षं गेली. गेल्या महिन्यात वर्कशॉपमधला एक पोरगा बाही खाली ओढत हळूच म्हणाला, "मालक, कोकणात तुरळच्या गरम पाण्यात आंघोळ केली की चट्टे जातात म्हणे, खरं हाय काय?" त्याला त्या दिवशी चहाच्या टायमाला जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितोय, कारण असं बाही ओढून फिरणारे आपल्याकडं लई आहेत.

आधी सरळ उत्तर देतो. कायमचे जात नाहीत. पण खाज कमी होते, खपल्या निघतात, भेगा मऊ पडतात, रात्री झोप लागते, आणि डॉक्टरांनी दिलेलं मलम जास्त चांगलं काम करतं. ज्याला रात्री दोन वाजता उठून नडग्या खाजवायची सवय झालीय त्याला विचारा, एवढं मिळालं तरी केवढं मोठं असतं.

कारण साधं आहे. आपली कातडी तळातनं वर यायला साधारण २८ दिवस घेते, सोरायसिसमध्ये प्रतिकारशक्ती चुकीचा इशारा देत राहते आणि तेच काम तीन ते पाच दिवसांत व्हायला लागतं, मग जुना थर सुटायच्या आत नवा येऊन बसतो आणि त्याची पांढरी खपली होते. कुठल्याच झऱ्याचं पाणी हा इशारा कायमचा बंद करत नाही. पाणी फक्त वरचा साठलेला थर मऊ करून सोडवतं, आणि गंधक असलेलं पाणी ते काम जरा जास्त करतं. एक्झिमाचं वेगळं, तिथं कातडीची भिंतच गळकी असते, आतली ओल बाहेर जाते आणि बाहेरचं सगळं आत शिरतं. त्याला पाण्यानं ओल मिळते खरी, पण ती लगेच झाकली नाही तर अर्ध्या तासात कातडी आधीपेक्षा जास्त कोरडी पडते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं सगळं यावरच आहे.

आता "गरम पाण्याचा झरा" म्हटलं की आपल्या डोक्यात पहिलं येतं ते गरम. जेवढं चटका देणारं तेवढं गुणकारी असं आपल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेलं. मीही तेच धरून बसलेलो. मग या विषयावर वाचायला लागलो तेव्हा एका गोष्टीनं डोकं फिरलं. फ्रान्समध्ये आव्हेन म्हणून एक छोटं गाव आहे, कातडीच्या रोगांसाठी तिथला झरा फार जुना. एका सरदाराच्या घोड्याला खरूज झालेली आणि तो त्या पाण्यात लोळून बरा झाला अशी १७३६ सालची गोष्ट सांगतात, १७४३ पासनं तिथं उपचार चालू आहेत. त्या पाण्याचं तापमान किती असेल? साधारण २५ अंश. आपल्या टाकीतलं पाणी एप्रिलमध्ये याच्यापेक्षा गरम असतं! आणि त्यात क्षारही फार नसतात, मऊ पाणी आहे. त्याच देशात ला रोश-पोजेचं पाणी, त्यात सेलेनियम. आणि दुसऱ्या टोकाला मृत समुद्र, इस्रायल-जॉर्डनमधला, तिथं पाण्यात ३० टक्क्यांच्या वर मीठ आणि त्यात मॅग्नेशियम भरपूर, ती जागा समुद्रसपाटीच्या ४०० मीटरपेक्षा खाली असल्यामुळं उन्हातली जास्त जाळणारी किरणं वरच्या जाड हवेत गाळली जातात, म्हणून तिथं सोरायसिसवाले रोज ऊन आणि पाणी दोन्ही घेत चार-चार आठवडे राहतात. आइसलँडमधलं ब्लू लगून तर जमिनीतल्या वाफेवर चालणाऱ्या वीज केंद्रातनं बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तळं, १९७६ साली तयार झालं, त्यात सिलिका, आणि पुढं एका सोरायसिसवाल्या माणसानं त्यात उतरायला सुरुवात केली तेव्हा लोकांचं लक्ष गेलं.

बघा, एक मऊ आणि थंडसर, एक मिठानं भरलेलं, एक सिलिकाचं. तिन्हीकडं लोकांना फरक पडतो. म्हणजे एकाच कुठल्या जादूच्या क्षारावर हे चालत नाही. तिन्हीकडं सारखं काय आहे ते मी वहीत लिहून काढलं : रोज जाणं, तीन-चार आठवडे न चुकता (फ्रान्समधला कोर्स १८ दिवसांच्या उपचारांचा असतो), अंगाला सोसेल असं पाणी, पाण्यानंतर लगेच मलम, डॉक्टरची नजर, आणि रोजच्या कामाच्या ताणातनं सुट्टी. आपण काय करतो? वर्षातनं एकदा गाडी काढतो, उकळत्या कुंडावर एक दिवस आंघोळ करतो, लाइफबॉयनं अंग घासतो, वाटेत मासे खातो आणि परत येतो, आणि मग म्हणतो पाण्यात काही दम नाही.

पाण्याला हात लावायच्या आधी

रोग कुठला ते पक्कं करा. ही पायरी लोक हमखास गाळतात. गोल चट्टा, कडा उठलेली, मध्ये साफ, आणि जांघेत नाहीतर कमरेला, तर तो नायटा असायची शक्यता मोठी, बुरशीचा रोग, त्याला मीठ-पाण्यानं काही होत नाही आणि एकच टॉवेल घरात फिरला तर सगळ्यांना लागतो. खरूज तशीच. कोडावर पाण्याचा उपयोग नाही. आणि मेडिकलमधनं विचारून आणलेली ती ट्यूब, ज्यात स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध सगळं एकत्र असतं, ती लावत असाल तर रोगाचं रूपच बदलून जातं, डॉक्टरलाही ओळखायला अवघड जातं. ती बंद करून, काय लावत होता हे न लपवता सांगून कातडीच्या डॉक्टरला दाखवा. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, कातडीची ओपीडी आहे, खाजगी परवडत नसेल तर तिकडं जा, सकाळी लवकर गेलं तर बरं.

डॉक्टरला दोन प्रश्न सरळ विचारायचे : मी रोज १५ मिनिटं कोमट मिठाच्या पाण्यात भिजवलं तर चालेल काय, आणि माझी कुठली गोळी चालू असताना ऊन टाळायचं. सोरायसिसवर मेथोट्रेक्सेट चालू असेल तर ती आठवड्यातनं एकदाच घ्यायची गोळी असते, पाणी सुरू केलं म्हणून ती आपल्या मनानं बंद करायची नाही. पोटातनं स्टिरॉइड चालू असेल तर एकदम बंद करणं तर लई धोक्याचं, अंगभर पू असल्यासारखे फोड येऊन माणूस ॲडमिट होऊ शकतो.

पाण्यात बसायचंच नाही कुणी? ताप आहे, चट्ट्यातनं पाणी किंवा पू येतोय, पिवळी खपली धरलीय, अंगभर कातडी लाल होऊन सालपटं निघतायत, हृदयाचा त्रास किंवा बीपी ताब्यात नाही, साखर जास्त असून पायाला बधिरपणा आहे (त्याला चटका कळतच नाही, आमच्या आण्णांच्या पायाला असाच फोड आला होता), आणि गरोदर बाईनं डॉक्टरला विचारल्याशिवाय गरम पाण्यात नाही. लहान मुलाला एक्झिमाच्या जागी एकदम बारीक बारीक फोड उठून ताप आला तर वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना.

घरात, बादली आणि टबवर

मला वाटतं खरं काम हितंच होतं. कोकणात तीन आठवडे राहणं आपल्याला जमत नाही, कामं आहेत, पोरांच्या शाळा आहेत. पण तीन आठवडे रोज संध्याकाळी १५ मिनिटं जमतात.

पाणी. नळाचं आणि बोअरचं दोन्ही असेल तर नळाचं घ्या. बोअरच्या जड पाण्यात साबण फुटत नाही, त्याचा चिकट थर अंगावर राहतो आणि कातडी खेचल्यासारखी होते. तापमान ३४ ते ३६ अंश, म्हणजे आपल्या अंगापेक्षा जरा कमीच. मी वर्कशॉपचा डिजिटल थर्मामीटर आणला, पण तो नसेल तर कोपर बुडवा, कोपराला ना गरम ना थंड लागलं की बरोबर. बोटांवर विश्वास ठेवू नका, काम करून आपली बोटं निबर झालेली असतात. गॅस गिझरचं पाणी सुरुवातीला गार आणि मग एकदम कढत येतं, म्हणून आधी बादलीत भरून घ्या, मिसळा, मगच अंगावर. आणि कढत पाण्यानं खाजेला जे बरं वाटतं ना, तो दोन मिनिटांचा आराम असतो, नंतर खाज दुप्पट उठते. मी स्वतः वर्षानुवर्षं बंबातलं कढत पाणी नडग्यांवर ओतत होतो, आणि दर थंडीत चट्टे का वाढतात म्हणून डोकं धरून बसत होतो.

मीठ. हे सोरायसिससाठी, एक्झिमासाठी नाही, तिकडं पुढं येतो. साधं जाडं खडं मीठ चालतं, लक्ष्मीपुरीत किराण्याला जाल तेव्हा दोन किलो जास्त घ्या. हिशोब सोपा, १० लिटर पाण्याला १०० ग्रॅम म्हणजे १ टक्का. समुद्राचं पाणी साडेतीन टक्के असतं. पहिला आठवडा १ टक्का, झोंबलं नाही तर दुसऱ्या आठवड्यात २, तिसऱ्यात ३. भेगा पडलेल्या असतील तर भेगा भरेपर्यंत मीठ नको, साध्या कोमट पाण्यानं सुरुवात करा. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, तेही चालतं, अर्ध साधं मीठ आणि अर्ध हे असं मी करतो. पण हितं एक कळकळीनं सांगायचंय. आपल्याकडं ऊसवाल्यांच्या घरात मॅग्नेशियम सल्फेटचं पोतं असतंच, कृषी सेवा केंद्रातनं आणलेलं. ते खताचं आहे, अंगाला लावायचं नाही. औषधाच्या दुकानातनं अंगासाठीचं मागून घ्या.

भांडं. नडग्या आणि पायासाठी कपडे भिजवायचा मोठा प्लास्टिकचा टब, स्टुलावर बसायचं, गुडघ्याखालचं सगळं आत. मीठ टाकलेलं पाणी ॲल्युमिनियमच्या घमेल्यात किंवा बंबात नको, धातू खातं ते. हातांसाठी लहान टब. कोपरं आणि गुडघे पाण्यात बुडत नाहीत, त्याला जुना सुती पंचा घ्या, धुऊन धुऊन मऊ झालेला, मिठाच्या पाण्यात बुडवून हलका पिळून गुंडाळायचा, दर पाच मिनिटांनी परत बुडवायचा. १५ मिनिटं झाली की बस. २०-२५ मिनिटं बसून जास्त फायदा होत नाही, बोटांना सुरकुत्या पडायला लागल्या म्हणजे वेळ संपली समजा. नंतर साध्या कोमट पाण्याचे दोन तांबे घालून मीठ उतरवा. आणि ते मिठाचं पाणी तुळशीत किंवा झाडाला ओतू नका, झाड जळतं, मोरीतच सोडा.

घासायचं नाही. वजरी नाही, ब्रश नाही, नखं नाहीत. सोरायसिसची एक वाईट खोड असते, कातडीला जिथं ओरखडा किंवा मार बसतो तिथं नवीन चट्टा उठतो. खपली आपोआप सुटली तर सुटू दे, चिकटून असेल तर उद्या. डोक्यातल्या खपल्यांसाठी रात्री खोबरेल तेल लावून झोपायचं, सकाळी कोमट पाण्यात भिजवून डॉक्टरांनी दिलेल्या शाम्पूनं बोटांच्या पेरांनी धुवायचं, फणीनं खरवडायचं नाही. साबण रोज अंगभर लागतच नाही, काख आणि जांघ एवढ्याला पुरे, तोही बिनवासाचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लेथवर काम करणाऱ्याला लगेच कळेल असं सांगतो. जॉब, म्हणजे लेथवर घडवलेला लोखंडी तुकडा, धुऊन काढला की आपण काय करतो? पुसतो आणि लगेच तेल लावतो. तसाच ठेवला तर दुसऱ्या दिवशी गंज धरलेला असतो. कातडीचं अगदी तसंच आहे. टबातनं बाहेर आलं की टॉवेलनं घासून पुसायचं नाही, टिपून घ्यायचं, अंग थोडं ओलसरच ठेवायचं आणि तीन मिनिटांच्या आत मॉइश्चरायझर. तीन म्हणजे तीनच. मधे फोन आला, भाजीवाला आला, तर गेलं सगळं. मी डबी टबाच्या शेजारीच ठेवतो. कुठलं लावायचं? साधी व्हॅसलीन किंवा पांढरा पेट्रोलियम जेली, किंवा पॅराफिन असलेलं घट्ट क्रीम, वास नसलेलं. महाग असायची गरज नाही, भरपूर असायची गरज आहे. अंगभर एक्झिमा असलेल्या मोठ्या माणसाला आठवड्याला २५० ग्रॅमच्या वर लागतं, आणि आपण ३० ग्रॅमची ट्यूब दोन महिने पुरवतो. आमच्या धंद्यातल्यांनी अजून एक ध्यानात ठेवा, हे जेली-पॅराफिन कपड्यात मुरतं आणि तो कपडा आग पटकन धरतो. लावून लगेच वेल्डिंगला, ग्राइंडरला किंवा गॅसजवळ जायचं नाही, म्हणून मी हे संध्याकाळी करतो, आणि अंथरूण-कपडे गरम पाण्यात धुवायला सांगतो.

डॉक्टरचं स्टिरॉइड किंवा दुसरं मलम असेल तर ते आणि मॉइश्चरायझर एकावर एक फासू नका, मधे २०-३० मिनिटं जाऊ द्या. आधी कुठलं ते तुमच्या डॉक्टरला विचारा. भिजवल्यावर मलम जास्त आत जातं म्हणून चेहरा, मांडीचा सांधा, काख असल्या पातळ कातडीच्या जागी स्टिरॉइड स्वतःच्या मनानं वाढवायचं नाही.

थोरलीचं, म्हणजे एक्झिमाचं. तिला मीठ नाही, एकदा घालून बघितलं तर पोर रडायला लागली, अजून मनाला लागतं ते. साधं कोमट पाणी, दहा मिनिटं, डोळ्यासमोर घड्याळ, साबणाऐवजी डॉक्टरांनी सांगितलेलं क्लीन्सर, टिपणं, आणि अंगभर जेली, नुसत्या चट्ट्यावर नाही तर चांगल्या दिसणाऱ्या कातडीवरसुद्धा. फार वाढतं तेव्हा डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणं जेलीवर ओला सुती कपडा आणि त्याच्यावर कोरडा कपडा घालून झोपवतो, पण हे डॉक्टरांना विचारूनच. हिवाळ्यात कोल्हापूरची हवा कोरडी असते तेव्हा दिवसातनं तीनदा लावावं लागतं, पावसाळ्यात एकदाच पुरतं, त्या वेळी घाम आणि ओले कपडे हाच त्रास.

आणि हाताचा एक्झिमा असलेल्या कामगारांनी, म्हणजे कूलंट, ऑइल, रोज रॉकेलनं किंवा कपड्याच्या पावडरनं हात धुणं, हे थांबल्याशिवाय कुठलंच पाणी उपयोगाचं नाही. शिरोलीत, गोकुळ शिरगावात हजारो हात असे फाटलेले असतील. खाण्याचं तेल चोळून ऑइल उतरवा, मग सौम्य साबण, मग जेली.

बाटलीतलं थर्मल वॉटर, ते स्प्रे, मेडिकलमध्ये मिळतात. चेहरा उन्हानं किंवा औषधानं भाजल्यासारखा झाला असेल तर गार वाटतं. मारून एक-दोन मिनिटं ठेवायचं, टिपायचं आणि वर मॉइश्चरायझर. नुसतं मारून वाळू दिलं तर कातडी अजून ओढते. पैसे थोडेच असतील तर जेलीवर घाला, स्प्रेवर नको.

कोकणातल्या कुंडावर जायचं असेल तर

जा की. मी विरोधात नाही, मलाही तिथं गेल्यावर मन हलकं होतं, आणि ताण कमी झाला की सोरायसिस खरोखर कमी होतो, त्यात ताणाचा वाटा मोठा आहे. फक्त रीतीनं जा.

कोल्हापुरात आपल्याकडं असा झरा नाही. जवळचे दोन बाजूला. एक, मलकापूर, आंबा घाट, साखरपा करत देवरुख आणि संगमेश्वरवरनं मुंबई-गोवा रस्त्याला लागायचं, तिथनं चिपळूणच्या दिशेला तुरळ, राजवाडी आणि पुढं आरवली. दुसरा, अणुस्कुरा घाट उतरून पाचल, ओणी आणि राजापूर, तिथं उन्हाळे नावाचं गाव. राजापूरची गंगा वेगळी बरं का, ती मधूनमधून प्रकट होते, उन्हाळे गावचं गरम पाणी बारमाही. तुरळ-राजवाडीचं पाणी जास्त गरम, उन्हाळ्याचं आंघोळीला सोसणारं. कोकणपट्टीत असे झरे रांगेनं आहेत, वर ठाणे जिल्ह्यात वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोलीपर्यंत. खाली ज्वालामुखी आहे असं काहीजण सांगतात, तसं काही नाही, पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतनं खूप खोल जातं, तिथल्या उष्णतेनं तापतं आणि दुसऱ्या भेगेतनं वर येतं. वर येताना क्षार घेऊन येतं. अंड्यासारखा वास आला तर तो गंधकाच्या वायूचा, चांदीची साखळी-पैंजण काढून ठेवा, काळी पडतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा काळ. पावसाळ्यात घाटात दरडींचा भरवसा नाही.

पोचल्यावर थेट कुंडात उतरू नका. बादलीत पाणी घेऊन गार पाणी मिसळा, कोपर बुडवून बघा. पहिल्या दिवशी फक्त एका हाताला दहा मिनिटं, दुसऱ्या दिवशी सकाळी तो भाग लाल झाला नसेल, खाज वाढली नसेल तर बाकी अंग. म्हणजे एक मुक्काम पाहिजेच, शक्य असेल तर चार-पाच दिवस. सकाळी लवकर जा, गर्दी नसते आणि पाणी स्वच्छ असतं. जखमा उघड्या असतील तर सार्वजनिक कुंडात नाहीच, झऱ्याच्या तोंडाचं वाहतं पाणी बादलीत घेऊन आंघोळ करा. आणि डोकं बुडवू नका, पोरांना बुड्या मारू देऊ नका. कोमट-गरम गोड्या पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा असू शकतो, तो नाकातनं मेंदूत जातो, फार क्वचित होतं पण झालं तर माणूस वाचणं अवघड. पाणी प्यायलं तर तो होत नाही, नाकात गेलं तर होतो, म्हणून नाक सांभाळा. उठताना हळू उठा, गरम पाण्यानं बीपी उतरतं आणि चक्कर येते, जोडीला कुणीतरी पाहिजे. नंतर सावलीत बसा, पाणी प्या, आणि बॅगेत जेलीची मोठी डबी असलीच पाहिजे.

ऊन घ्यायचं असेल तर सकाळचं, पाच-दहा मिनिटांपासनं. दवाखान्यात मिळणारी ३११ नॅनोमीटरची नॅरोबँड यूव्हीबी किरणं सोरायसिसवर चांगली लागू पडतात, मिठाच्या पाण्यात भिजवून मग ती द्यायची पद्धतही परदेशात आहे, पण भिजलेली कातडी किरणं जास्त ओढते म्हणून हे डॉक्टरशिवाय घरच्या गच्चीवर करायचं नाही, मी एकदा दुपारी केलं आणि पाठ भाजून घेतली.

कुंडाजवळ कुणी पुडीतलं मलम विकत असेल तर घेऊ नका. मी एका ठिकाणी घेतलेलं, आठ दिवसात चट्टे साफ, आणि संपल्यावर दुप्पट जोरानं परत आले. असं इतक्या झटक्यात गेलं की त्यात जोरदार स्टिरॉइड असायची शंका घ्यायची.

एक गोष्ट लिहायला जड जाते पण लिहितो. एका कुंडावर मी पाय सोडून बसलो होतो, एका गृहस्थानं माझ्या नडग्या बघून आपल्या पोरांना बाहेर ओढलं आणि मला म्हणाला, तुम्ही बाहेर या. सोरायसिस लागत नाही. शिवून नाही, पाण्यातनं नाही, टॉवेलमधनं नाही, नवरा-बायकोत नाही. एक्झिमाही लागत नाही. मी त्याला शांतपणे एवढंच सांगितलं आणि बसून राहिलो. त्याच्या बायकोनं मग विचारलं, "दादा, माझ्या आईच्या हातालाही असंच आहे, काय करायचं?" असं कुणी म्हटलं तर उठून जाऊ नका, सांगा.

फरक पडतोय का ते कसं कळायचं

दर रविवारी सकाळी, त्याच खिडकीत, तोच चट्टा, मोबाईलवर फोटो. आणि वहीत रोज रात्री खाजेला ० ते १० मधला एक आकडा आणि झोप किती मोडली ते. मनावर भरवसा ठेवू नका, चांगल्या दिवशी सगळं चांगलं वाटतं आणि वाईट दिवशी सगळं वाईट. तीन आठवड्यांनी खपल्या कमी आणि आकडा दोन-तीनने खाली आला असेल तर आठवड्यातनं तीन दिवसांवर आणून चालू ठेवा. काहीच फरक नसेल तर पाण्यावर अजून महिने घालवू नका, वही घेऊन डॉक्टरकडं जा, आज सोरायसिसला आणि एक्झिमाला दोन्हीला चांगली नवी औषधं आहेत. पाच-सहा दिवसांतच लाली वाढली तर थांबा. आणि सकाळी उठल्यावर बोटं अर्धा तास आखडलेली राहतायत, एखादं बोट सुजलंय, नखांवर बारीक खड्डे पडलेत, तर ते सांध्यांचं सोरायसिस असू शकतं. साधारण दहातल्या दोघा-तिघांना होतं, आणि उशीर केला तर सांधा कायमचा वाकडा होतो. त्याला भिजवणं पुरत नाही, त्या आठवड्यातच दाखवायचं.

आमच्या त्या पोराला आधी डॉक्टरकडं पाठवलं, सोरायसिसच निघालं. तुरळला जायचं त्यानं दिवाळीनंतर ठरवलंय, आई-वडिलांना घेऊन. तोवर डाव्या पायापासनं सुरू केलंय, १० लिटरला १०० ग्रॅम, १५ मिनिटं, जेली. उजवा पाय मुद्दाम नुसत्या मलमावर ठेवलाय, दोन्हीत फरक दिसावा म्हणून, हे त्याचं त्यानंच ठरवलं. परवा दुसरा रविवार झाला, फोटो दाखवायला आला तेव्हा बाही वर केलेली होती.